तळमजल्यावर वायफाय पोहोचत नाही : राउटर बदलावा की आणखी काही करावे?

गावभाग (धागाकर्ता)

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरातील इंटरनेटबाबत एक निर्णय घ्यायचा आहे. त्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून सर्व तपशील सविस्तर मांडत आहे.

घराचा तळमजला जुना आहे आणि त्याच्या दगड-मातीच्या भिंती सुमारे दोन फूट जाडीच्या आहेत. वरचा मजला पुढे आरसीसीमध्ये बांधला गेला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत मजल मारली, तेव्हा आमचा तळमजला पाण्याखाली गेला होता. त्यानंतर इन्व्हर्टर, त्याची बॅटरी आणि विजेवर चालणारे जे जे वर नेता येईल ते आम्ही वर नेले. पुढे फायबरची जोडणी घेतली तेव्हा तिचा डबासुद्धा त्याच कारणाने माडीवर, रस्त्याकडच्या खोलीत बसवून घेतला. तो तेथून हलवण्याचा माझा विचार नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

माझी कचेरी मात्र तळमजल्यावर मागच्या खोलीत आहे. मार्केट यार्डातील हळद आणि बेदाण्याच्या काही व्यापाऱ्यांचे हिशेब मी पाहतो, आणि दर महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आसपास, जेव्हा जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची घाई असते, तेव्हा नेमके खालचे वायफाय रडकुंडीला आणते. मुलीचे ऑनलाइन वर्गही त्याच खोलीशेजारी चालतात आणि तेथे चित्र गोठणे, आवाज तुटणे हे नित्याचे झाले आहे. वरच्या मजल्यावर कोणाचीच तक्रार नाही.

जोडणी १०० एमबीपीएसची आहे. राउटर जोडणीबरोबरच मिळालेला, म्हणजे फायबरचा डबा आणि राउटर एकाच यंत्रात असलेला, दोन्ही बँडचा (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरपट्ट्यांवर चालणारा) आणि वायफाय ५ प्रकारचा आहे. दुकानदाराने वायफाय ६ चा ‘एएक्स ३०००’ लिहिलेला राउटर घेण्याचा सल्ला दिला आहे, तर जोडणी देणाऱ्यांचा प्रतिनिधी प्लॅन ३०० एमबीपीएसचा करा म्हणतो. या दोहोंपैकी कोणत्या खर्चाने खालच्या खोलीतील अडचण खरोखर सुटेल, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद – गोडोलीकर

आपण तपशील व्यवस्थित दिले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे आहे. तरीही कोणताही सल्ला स्वीकारण्यापूर्वी काही मोजमापे घ्यावीत अशी विनंती करतो. साताऱ्यात आमच्या सोसायटीतील अनेकांनी राउटर बदलल्यानंतर मोजणी केली, आणि त्यामुळे नेमका फरक कशाने पडला हे कोणालाच सांगता आले नाही.

वेग ‘मंद आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळे टप्पे मिसळलेले असतात. पहिला टप्पा रस्त्यावरच्या फायबरपासून डब्यापर्यंतचा, दुसरा डब्याच्या आतला आणि त्याच्या पोर्टचा, आणि तिसरा डब्यापासून आपल्या मोबाइलपर्यंतचा हवेतला. नवा राउटर फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर काही करू शकतो, आणि मोठा प्लॅन फक्त पहिल्यावर. म्हणून प्रथम लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडून वेग मोजावा. नंतर त्याच खोलीत, डब्यापासून आठ-दहा फुटांवर, ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोजावा. शेवटी कचेरीत, दोन्ही बँडवर वेगवेगळा मोजावा, आणि हे मोजमाप एकदा संध्याकाळी व एकदा रात्री उशिरा करावे. दोन्ही बँडचे नाव एकच असेल तर तेवढ्यापुरती नावे वेगळी ठेवावीत, अन्यथा मोबाइल कोणत्या बँडवर आहे हे समजणार नाही.

मोबाइलमध्ये सिग्नलची ताकद दाखवणारे कोणतेही मोफत ॲप घ्या आणि डीबीएममधील आकडा टिपून ठेवा. हा आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो, उणे ८० च्या पलीकडे काहीच भरवशाचे राहत नाही. प्रत्येक ३ डीबीच्या घटीला सिग्नलची शक्ती निम्मी होते, हे लक्षात घेतले की उणे ६७ आणि उणे ८० यांतले अंतर किती मोठे आहे ते कळते.

प्रतिसाद – मिरजकर

गोडोलीकरांशी पूर्ण सहमत आहे. दुकानदाराच्या ‘एएक्स ३०००’ विषयी थोडे लिहितो, कारण खोक्यावरच्या या आकड्यामुळे लोकांचे बरेच पैसे चुकीच्या जागी जातात.

हा आकडा म्हणजे राउटरच्या दोन्ही बँडच्या कागदावरील कमाल वेगांची बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ मिळून सुमारे ३००० होतात. त्यातले २४०२ सुद्धा तेव्हाच, जेव्हा १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल, म्हणजे बँडमधला वापरायचा पट्टा, मिळतो आणि समोरचा मोबाइल किंवा लॅपटॉप तेवढी रुंदी आणि दोन अँटेना वापरू शकतो. वायफाय ५ चा, एकच अँटेना असलेला साधा मोबाइल ८० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ४३३ एमबीपीएसने जोडला जातो, आणि प्रत्यक्ष माहिती त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश वेगाने येते. घरातले मोबाइल जुने असतील तर राउटर वायफाय ६ चा असो वा ७ चा, ते मोबाइल आपल्या जुन्याच पद्धतीने बोलणार. त्यामुळे आपल्याकडची उपकरणे कोणत्या पिढीची आहेत, याची यादी आधी करावी. वायफाय ४ चे मानक २००९ चे, वायफाय ५ चे २०१३ चे, वायफाय ६ ची प्रमाणपत्रे २०१९ पासून आणि वायफाय ७ ची जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. यावरून आपला मोबाइल कोणत्या गटात बसतो याचा अंदाज येतो.

आणखी एक बाब अशी की आपली जोडणीच १०० ची आहे. वरच्या मजल्यावर आजच्या राउटरवर ९० च्या पुढे वेग मिळत असेल, तर तेथे नवा राउटर काहीही वाढवू शकणार नाही.

गावभाग (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेतली.

डब्याला केबल लावून लॅपटॉपवर ९४ एमबीपीएस मिळाले. त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोबाइलला ९५ च्या आसपास मिळाले आणि सिग्नल उणे ४५ होता. कचेरीत ५ गिगाहर्ट्झवर सिग्नल उणे ८४ इतका क्षीण आहे. जोडणी लागते, तुटते, आणि लागली तरी ६ एमबीपीएसच्या वर जात नाही. कचेरीतच २.४ गिगाहर्ट्झवर सिग्नल उणे ७६ आहे आणि संध्याकाळी ८ ते १२ एमबीपीएस मिळतात, मात्र रात्री अकरानंतर तोच वेग ३० च्या पुढे जातो. ॲपमध्ये आजूबाजूच्या घरांची मोठी यादी दिसली आणि त्यांतील बहुतेक जण ६ क्रमांकाच्या चॅनेलवर आहेत, आम्हीही तेथेच आहोत.

वायफायवर ९५ आणि केबलवर ९४ हे मला विचित्र वाटले. केबलवर अधिक मिळायला हवे होते ना?

प्रतिसाद – गोडोलीकर

९४ हा आकडा ओळखीचा आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून, माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर जाणारी पत्त्यांची वेष्टने वजा जाता, माहिती सुमारे ९४-९५ एमबीपीएसनेच बाहेर पडते. म्हणजे आपला लॅपटॉप आणि डबा यांच्यातील जोडणी १०० वरच झालेली आहे. आता हा अडसर पोर्टमध्ये आहे की केबलमध्ये, ते पाहावे लागेल. १००० एमबीपीएसच्या जोडणीसाठी केबलमधील आठही तारा, म्हणजे चारही जोड्या, शाबूत असाव्या लागतात. १०० साठी दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटलेली असली किंवा केबलच चार तारांची असली, तर जोडणी निमूटपणे १०० वर येते आणि काही बिघडले आहे असे कोणाच्याही लक्षात येत नाही. ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेली दुसरी केबल लावून लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहा.

आजच्या १०० च्या प्लॅनला यामुळे फारसा फरक पडत नाही. परंतु ३०० चा प्लॅन घेऊन पोर्ट १०० चेच निघाले, तर वाढीव पैसे पाण्यात गेले असे समजावे.

प्रतिसाद – विश्रामबाग

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो येथे नोंदवला पाहिजे, कारण ‘राउटर बदलू नका’ हा सरसकट सल्ला होऊ नये असे मला वाटते.

आमचा दोन शयनगृहांचा फ्लॅट आहे, भिंती साध्या विटांच्या आहेत आणि डबा मधल्या खोलीत आहे. प्लॅन ३०० चा होता, परंतु जुन्या राउटरला सर्व पोर्ट १०० चे आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचे होते. त्या बँडवर २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये दोन अँटेनांचा वायफाय ४ राउटर कागदावरच १४४ एमबीपीएस देतो आणि इमारतीतील गर्दीत त्यातले ४० हाती लागले तरी पुष्कळ. तेथे मी वायफाय ६ चा राउटर घेतला आणि पैसे देऊन जे मागितले होते ते ३०० प्रथमच मोबाइलवर दिसले. माझ्या बाबतीत राउटर बदलणे हेच योग्य उत्तर होते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते मला वेगाहूनही महत्त्वाचे वाटते. ज्या राउटरला कंपनीकडून सॉफ्टवेअरची सुधारणा येणे बंद झाले आहे, तो वेगवान असला तरी घरात ठेवू नये. डब्ल्यूपीए२ ही वायफाय सुरक्षित ठेवण्याची पद्धत २००४ ची आहे आणि २०१७ मध्ये तिच्यातील एक मोठी त्रुटी उघड झाली, जी सॉफ्टवेअर सुधारूनच बुजवावी लागली. तिच्या पुढची डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आली. आपण व्यापाऱ्यांचे हिशेब हाताळता. त्यांच्या बँकेची आणि करांची माहिती त्या वायफायवरून जाते, तेव्हा आपल्या राउटरचे सॉफ्टवेअर शेवटचे कधी सुधारले गेले, हे अवश्य तपासावे.

प्रतिसाद – मिरजकर

विश्रामबाग यांचा सुरक्षिततेचा मुद्दा मान्य आहे आणि तो योग्य वेळी आला. परंतु त्यांचे घर आणि धागाकर्त्यांचे घर यांत जो फरक आहे, तोच या निर्णयाचा गाभा आहे.

धागाकर्त्यांच्या आकड्यांवरून पहिला टप्पा निर्दोष आहे, दुसरा आजच्या गरजेपुरता ठीक आहे आणि सगळी गळती तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे स्लॅब आणि दोन फुटी भिंतींमध्ये होत आहे. वरच्या खोलीत उणे ४५ असलेला सिग्नल कचेरीत उणे ८४ होतो, म्हणजे जवळजवळ ४० डीबी वाटेत नाहीसे होतात. दगडाच्या जाड भिंती, स्लॅबमधील लोखंडी सळ्या, पाण्याच्या टाक्या, लोखंडी कपाटे आणि मोठे आरसे हे सर्व सिग्नलचे शत्रू आहेत, आणि ५ गिगाहर्ट्झला त्यांचा अडथळा २.४ पेक्षा अधिक होतो. मोकळ्या हवेतसुद्धा तेवढ्याच अंतरावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ च्या तुलनेत ६ ते ७ डीबींनी कमी पडतो. त्याच जागी ठेवलेला नवा राउटर फार तर थोड्या डीबींची भर घालेल. ४० डीबींची दरी तो भरून काढू शकणार नाही.

‘जास्त अँटेनांचा, जास्त ताकदीचा’ राउटर घेतल्याने प्रश्न सुटेल, असेही सांगितले जाते. त्यात एक गोष्ट विसरली जाते. वायफाय हा दुतर्फा संवाद आहे. माडीवरून कोणी ध्वनिक्षेपकावर बोलले तर खालच्याला ऐकू जाईल, पण खालच्याचे उत्तर त्याच्या साध्या आवाजातच वर पोहोचले पाहिजे. मोबाइलची प्रक्षेपणशक्ती राउटर बदलल्याने वाढत नाही. विवरणपत्राची फाइल वर चढवताना अडते, व्हिडिओ कॉलमध्ये आपल्याला समोरचा दिसतो पण आपण त्याला दिसत नाही, या तक्रारींचे मूळ बहुधा तेथेच असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की वरचा राउटर आहे तेथेच राहू द्यावा, वरून खाली एक लॅन केबल ओढावी आणि कचेरीत एक स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट तेथे वायफायने पसरवणारे यंत्र, बसवावा.

प्रतिसाद – वाईकर

केबल ओढणे सर्वांना शक्य नसते, म्हणून दुसरी वाट सांगते. वाईत आमचा वाडा भावकीचा आहे आणि भिंतींना भोक पाडायचे म्हटले की सर्वांची संमती लागते. मी दोन नगांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडून एकच वायफाय पसरवणारी यंत्रे, घेतला. एक नग राउटरजवळ आहे आणि दुसरा जिन्याच्या वळणावर, जेथून वरचे दार आणि खालचा सोपा दोन्ही दिसतात. सोप्यात आता मूळ वेगाच्या साधारण निम्मा वेग मिळतो आणि मुख्य म्हणजे तो स्थिर असतो. दुसरा नग कोठे ठेवता यावर सारे अवलंबून आहे: जेथे सिग्नल मुळातच मेला आहे तेथे तो ठेवला, तर तो मेलेला सिग्नलच पुढे पाठवतो. म्हणून तो कचेरीत ठेवून उपयोग नाही, अर्ध्या वाटेवर जेथे उणे ६५ च्या आसपास आकडा दिसतो तेथे ठेवावा.

सिग्नल नुसता पकडून पुढे पाठवणारा स्वस्त रिपीटर मात्र घेऊ नये. एकाच बँडवर ऐकायचे आणि त्याच बँडवर पुन्हा बोलायचे असल्याने त्याचा वेग जवळजवळ निम्मा होतोच, शिवाय दोन वेगवेगळी नावे झाली की मोबाइल दूरच्या राउटरला चिकटून बसतो.

प्रतिसाद – हरिपूर रस्ता

मी या भागात लॅनचे आणि सीसीटीव्हीचे काम करतो. गावभागातील जुन्या घरांत भिंत फोडण्याची गरज सहसा पडत नाही. माडीच्या खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून केबल बाहेर काढायची, सांडपाण्याच्या पाइपाच्या बाजूने पीव्हीसी पाइपातून खाली आणायची आणि कचेरीच्या झरोक्यातून आत घ्यायची. बाहेरून जाणारी केबल उन्हात टिकणारी, काळ्या आवरणाची घ्यावी. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा घरातली पांढरी केबल काही वर्षांत कडक करून तडकवतो. तारेला घरात शिरण्यापूर्वी खाली एक झोल ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता त्या झोलातून खाली ठिबकते.

केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्यावे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल ‘कॅट ६’ नावानेच पुष्कळ विकली जाते. ती वजनाला हलकी लागते, वाकवताना मोडते आणि सांध्यात लवकर खराब होते. तार खरवडून पाहिली तर आत पांढरी दिसते. लांबीची काळजी नको, तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि कोणत्याही घरात तेवढी लागत नाही.

जोडणी करून झाल्यावर चारही जोड्या टेस्टरवर तपासून द्यायला सांगावे. एवढा एक आग्रह धरला, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

गावभाग (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. दरम्यान डब्याची केबल बदलून पाहिली. नव्या केबलवर जोडणी १००० ची दिसते, म्हणजे पोर्ट ठीक आहे आणि जोडणीबरोबर आलेली केबल चार तारांची होती. राउटरच्या सॉफ्टवेअरची सुधारणा यंदाचीच आहे, त्यामुळे त्या कारणानेही तो लगेच बदलण्याची निकड नाही.

केबल ओढण्याचे निश्चित करतो आहे. त्यापूर्वी तीन शंका आहेत. ॲक्सेस पॉइंट म्हणून कोणते यंत्र घ्यावे आणि त्याची मांडणी कशी करावी? वायफाय ७ आले आहे, तर थांबावे का? आणि तिसरी शंका पुराची आहे : जे यंत्र मुद्दाम खाली बसवणार, त्याची पावसाळ्यात काय व्यवस्था करावी?

प्रतिसाद – गोडोलीकर

पहिल्या शंकेचे उत्तर सविस्तर देतो, कारण चांगल्या केबलवरही चुकीच्या मांडणीमुळे लोक हैराण होतात.

यंत्र म्हणून १००० एमबीपीएसचे पोर्ट असलेला, वायफाय ६ चा, साधा दोन बँडचा राउटर पुरेसा आहे, मात्र त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असल्याची खात्री करावी. ‘एएक्स १५००’ वर्गाचा, म्हणजे ३०० अधिक १२०१, या कामाला पुरेपूर होतो. एका खोलीसाठी ३००० च्या वर्गाची आवश्यकता नाही. तो त्या मोडमध्येच लावावा. तसे न करता राउटर म्हणूनच लावला, तर वरचा आणि खालचा असे दोघेही घरातल्या उपकरणांना जाळ्यातले पत्ते (आयपी) वाटू लागतात, घरात दोन वेगळी जाळी तयार होतात, आणि मग कचेरीतून वरचा प्रिंटर दिसत नाही, सीसीटीव्ही अधूनमधून हरवतो, असे त्रास सुरू होतात. पत्ते वाटण्याचे काम वरच्या डब्याकडेच राहू द्यावे.

वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार वर-खाली एकच ठेवावा, म्हणजे जिना उतरताना मोबाइल आपोआप जवळच्या यंत्राकडे वळतो. चॅनेल मात्र वेगळे असावेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच आहेत. आपल्या शेजारी ६ वर गर्दी आहे, तेव्हा वर १ आणि खाली ११ ठेवून पाहावे, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. या बँडवर ४० ची रुंदी घेतल्याने दाट वस्तीत आपलेही आणि शेजाऱ्यांचेही नुकसान होते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागेची अडचण नाही. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरण्यास खुला झाला आहे. वर ३६ आणि खाली १४९ ठेवावा.

तुमच्या जाड भिंतींचा येथे फायदाच होईल : शेजाऱ्यांचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल कचेरीत फारसा येणार नाही.

प्रतिसाद – मिरजकर

वायफाय ७ साठी थांबू नये. त्याचे मोठे बळ ३२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये आहे आणि तेवढी रुंदी ६ गिगाहर्ट्झच्या बँडमध्येच मिळते. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे वायफाय ७ नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक राउटरांत ६ गिगाहर्ट्झचा बँड नसतोच, तेव्हा ज्यांना तो घ्यायचा आहे त्यांनी खोक्यावरची बँडांची यादी वाचूनच घ्यावा. शिवाय ६ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीला ५ पेक्षाही कच्चा आहे. तुमच्या घरात त्याचा लाभ फक्त एकाच खोलीत होईल. १०० च्या जोडणीवर या सर्वाचा उपयोग शून्य आहे.

३०० च्या प्लॅनविषयीही तेच. चांगल्या ४के चित्रपटाला १५ एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला ५, आणि विवरणपत्राच्या फाइलला त्याहून पुष्कळ कमी. घरात एकाच वेळी चार जण व्हिडिओ पाहत असले तरी १०० मध्ये जागा उरते. आधी तारेचे काम करा, महिनाभर वापरा, आणि मग गरज वाटली तरच प्लॅन वाढवा.

प्रतिसाद – हरिपूर रस्ता

पुराच्या शंकेबाबत माझा अनुभव असा : खाली जे बसवायचे ते सहज काढता येईल असे बसवायचे. ॲक्सेस पॉइंट दाराच्या चौकटीच्या वर, नुसत्या दोन स्क्रूंवर अडकवावा. केबलचा भिंतीवरचा सॉकेटही तेवढ्याच उंचीवर घ्यावा आणि तेथून यंत्रापर्यंत हातभर लांबीची सुटी केबल लावावी. आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की यंत्र आणि ॲडॉप्टर काढून वर न्यायचे आणि वरच्या टोकाला डब्यातून केबल सोडवून ठेवायची. भिंतीवर उरतो तो फक्त सॉकेट, आणि तो भिजला तरी थोड्या खर्चात बदलता येतो. मूळ डबा माडीवरच ठेवण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. पुराच्या दिवसांत बातम्या आणि नातेवाइकांशी संपर्क यासाठी तोच उपयोगी पडतो.

वीज गेल्यावर चालण्यासाठी वर एक १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, परंतु डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहूनच. यूपीएसची क्षमता त्याहून कमी असली, तर डबा मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो आणि दोष नेमका जोडणीला दिला जातो.

प्रतिसाद – वाईकर

ॲक्सेस पॉइंट लोखंडी कपाटाच्या मागे किंवा वर ठेवू नका, एवढी भर घालते. कचेरीत फायलींची कपाटे असणारच.

गावभाग (धागाकर्ता)

काम झाले. हरिपूर रस्ता यांनी सांगितलेल्या मार्गानेच, खिडकीच्या कोपऱ्यातून आणि पाइपाच्या बाजूने, शुद्ध तांब्याची केबल खाली आणली. टेस्टरवर आठही तारा ठीक दिसल्या. ‘एएक्स १५००’ वर्गाचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये दाराच्या चौकटीवर, कपाटांपासून दूर बसवला आहे. एकूण खर्च, मजुरीसह, दुकानदाराने सुचवलेल्या राउटरपेक्षा कमी झाला.

कचेरीत ५ गिगाहर्ट्झवर सिग्नल आता उणे ४० ते उणे ५० च्या दरम्यान असतो आणि संध्याकाळीही ९५ च्या आसपास वेग मिळतो. शेजारच्या खोलीत, एक जाड भिंत मध्ये असताना, उणे ६६ मिळतो आणि मुलीचे वर्ग खंड न पडता चालतात. मागच्या अंगणात अजूनही २.४ गिगाहर्ट्झच पोहोचतो, पण तेथे आम्हाला त्याहून अधिक काही नको आहे. या २० तारखेची सर्व विवरणपत्रे कचेरीत बसूनच भरली.

प्लॅन १०० चाच ठेवला आहे. यूपीएससाठी डब्याचा ॲडॉप्टर पाहिला : त्यावर १२ व्होल्ट, १.५ ॲम्पिअर असे आहे. २ ॲम्पिअरचा यूपीएस मागवतो आहे.

प्रतिसाद – हरिपूर रस्ता

२ ॲम्पिअरचा चालेल. पिनेचा व्यास आणि मधल्या टोकाची धन-ऋण खूण ॲडॉप्टरवरच्या चिन्हाशी ताडून मगच लावा.